फोनवर सांगितलं होतं: चौथा पेपर, पहिली खुर्ची आणि एक परिनिंदा

दिवाळीत इंदूरला रामबागेत माहेरी गेले की मध्य प्रदेशच्या राज्यसेवा परीक्षेची तयारी करणारं कुणी ना कुणी भेटायला येतंच. आईच्या भिशीतल्या काकूंचा नातू, वहिनीच्या मामेबहिणीची मुलगी. फराळाची ताटली हातात आणि पहिला प्रश्न ठरलेला, "ताई, चौथ्या पेपरला, त्या नीतिमत्तेच्या, काय वाचलंत?" चकली संपेपर्यंत जमेल तेवढं सांगते. पण जे सांगायला हवं ते तेवढ्या वेळात होत नाही, म्हणून एकदा नीट लिहून काढतेय.

पूर्वपरीक्षा, कटऑफ, क्लासेसच्या भंवरकुआ भागात कुठली लायब्ररी रात्रभर उघडी असते, हे तुम्हाला माझ्याहून ताजं ठाऊक आहे. ते सोडते. मी तिसऱ्या प्रयत्नात राज्यसेवेतून नायब तहसीलदार झाले. माळव्यातल्या एका तहसिलीत पहिली नेमणूक मिळाली आणि दोन वर्षं पुरी व्हायच्या आत माझ्या नावावर एक परिनिंदा, म्हणजे लेखी ठपका, लागली. पैसे खाल्ले म्हणून नाही. कुणी धमकावलं म्हणूनही नाही. एक फोन आला, मी "जी सर" म्हटलं आणि सही केली. एवढंच घडलं. एवढ्यानं काय होतं ते पुढे सांगते.

आधी परीक्षेचं थोडं.

चौथ्या पेपरच्या हिंदी अभ्यासक्रमात 'सत्यनिष्ठा' हा शब्द आहे. मी त्याच्या चार व्याख्या पाठ केल्या होत्या. ईमानदारी आणि सत्यनिष्ठा यांतला फरक, ब्रिटनच्या नोलन समितीची १९९५ची सात तत्त्वं ओळीनं, संथानम समितीची शिफारस आणि तिच्यातून १९६४मध्ये उभा राहिलेला केंद्रीय दक्षता आयोग, दुसऱ्या प्रशासकीय सुधारणा आयोगाचा नीतिमत्तेवरचा २००७चा चौथा अहवाल. झोपेतून उठवलं असतं तरी सांगितलं असतं. सराव परीक्षेत एकदा प्रकरण आलं होतं: वरिष्ठ तोंडी चुकीचा आदेश देतात, तुम्ही काय कराल? मी लिहिलं, नम्रपणे नियम दाखवीन, लेखी आदेश मागीन, कागदावर नोंद ठेवीन. तपासणाऱ्या सरांनी समासात 'उत्तम' लिहिलं. ती उत्तरपत्रिका अजून माझ्याकडे आहे. खुर्चीवर बसल्यावर मी नेमकं त्याच्या उलट वागले.

म्हणून तुम्हाला कळकळीनं सांगते, साचेबंद उत्तरांच्या त्या तयार नोट्स विकत घेऊ नका. 'प्रत्येक प्रकरणाचं उत्तर सहा पायऱ्यांत' असलं काही शिकवणाऱ्यांनी मुलांचं फार नुकसान केलंय, असं माझं स्पष्ट मत आहे. त्या पायऱ्यांनी गुण मिळतात, हे खरं. पण सवय लागते ती उत्तर लिहून मोकळं व्हायची. फोनवर समोरचा माणूस बोलत असताना सहा पायऱ्या आठवत नाहीत. त्या वेळी फक्त सवय कामाला येते.

आणि अहिल्यादेवींचं नाव निबंधाच्या शेवटच्या ओळीत नुसतं शोभेला टाकू नका. इंदूरच्या मुलांना ते अगदी हाताशी असतं, म्हणून हमखास टाकतात. त्यापेक्षा होळकरांच्या राज्यात 'खासगी' आणि 'दौलत' ही दोन खाती वेगळी होती, ते समजून घ्या. राज्याचा महसूल दौलतीचा. राणीचं उत्पन्न खासगीचं. अहिल्याबाईंनी देशभर घाट बांधले, देवळं उभारली, तो दानधर्म खासगीतून झाला असं आपल्याकडे सांगतात ते याच विभागणीमुळे. आपला पैसा कुठला आणि सरकारचा कुठला, ही रेघ. माझे आजोबा इथल्या एका कापड गिरणीत रोखपाल होते. रोकड जुळल्याशिवाय घरी येत नसत, मग रात्रीचे दहा का वाजेनात. घरात याला सचोटी म्हणत. व्याख्या कुणालाच येत नव्हती.

आता तो दिवस.

गुरुवार होता. संध्याकाळचे पाच वीस. मी पेशीचं, म्हणजे सुनावण्यांचं, काम आटोपून टेबल आवरत होते. वरिष्ठांचा फोन. आवाज नेहमीसारखाच, जरा घाईचा. "वो फौती वाला प्रकरण आज निपटा दो। बेचारों का बैंक का काम अटका है। पेंडेंसी भी देखो अपनी।" पेंडेंसी म्हणजे प्रलंबित प्रकरणं. मी "जी सर" म्हटलं. बोलणं दोन मिनिटांचंसुद्धा झालं नाही.

फौती नामांतरण म्हणजे खातेदार वारला की त्याच्या वारसांची नावं जमिनीवर चढवणं. मध्य प्रदेशात हे भू-राजस्व संहिता १९५९ प्रमाणे चालतं. पटवाऱ्याचा अहवाल येतो, वारसांचा पंचनामा होतो, गावात इश्तहार, म्हणजे जाहीर नोटीस, लागतो, हरकतींसाठी मुदत असते, मग आदेश. मी नस्ती, म्हणजे फाइल, मागवली. पटवाऱ्याच्या अहवालात विधवा आणि दोन मुलगे, तीन नावं. पंचनाम्यावर पाच सह्या. इश्तहाराची मुदत संपायला सहा दिवस बाकी होते. माझ्या न्यायालयाच्या कारकुनानं, रीडरनं, पानावर बोट ठेवून ते मला दाखवलंसुद्धा. "मॅडम, तारीख..." एवढंच म्हणाला आणि थांबला. मी म्हटलं, साहेबांचं बोलणं झालंय. त्यानं बोट उचललं. ते उचललेलं बोट मला अजून दिसतं. त्यानं त्याचं काम केलं होतं, मी माझं केलं नाही.

सही केली. शिक्का पडला. सहाच्या आत घरी गेले, आणि खरं सांगते, काम वेळेत उरकल्याचं समाधान वाटलं होतं.

दीड महिन्यानं मंगळवारच्या जनसुनवाईला, म्हणजे लोकांच्या तक्रारी ऐकायच्या बैठकीला, एक बाई आल्या. पन्नाशीच्या असतील. साडीच्या दुकानाची कापडी पिशवी. तिच्यातून त्यांनी प्लॅस्टिकमध्ये घातलेला शाळा सोडल्याचा जुना दाखला काढला आणि माझ्यासमोर टेबलावर हातानं सपाट केला. पाचवीपर्यंतची शाळा. वडिलांच्या रकान्यात मयत खातेदाराचं नाव. "मैडम, मैं भी तो उन्हीं की हूँ," त्या म्हणाल्या. रडल्या नाहीत, भांडल्या नाहीत. दाखला परत घ्यायचं मात्र त्यांना सुचेना, मीच तो प्लॅस्टिकमध्ये घालून दिला.

लग्न होऊन दुसऱ्या जिल्ह्यात गेलेली बहीण. भावांनी नाव लावलं नाही, पटवाऱ्यानं विचारलं नाही, पंचांनी सांगितलं नाही. इश्तहाराचे ते सहा दिवस अशाच माणसासाठी असतात. चौथ्या दिवशी त्यांना माहेरच्या कुणीतरी फोन केला होता आणि पाचव्या दिवशी त्या तहसिलीत आल्या होत्या. बाबूनं सांगितलं, आदेश तर झाला. नक्कल मिळवून माणूस शोधून माझ्यापर्यंत पोचायला त्यांना दीड महिना लागला. तोवर भावांनी त्या जमिनीवर किसान क्रेडिट कार्ड काढलेलं होतं.

पुढचं थोडक्यात. अपिलात माझा आदेश रद्द झाला. मला कारणे दाखवा नोटीस आली. उत्तरात मी लिहिलं, "वरिष्ठांच्या दूरध्वनीवरील निर्देशानुसार." वरिष्ठांनी अभिप्राय दिला की त्यांनी प्रलंबित प्रकरणं लवकर निकाली काढायची सर्वसाधारण सूचना दिली होती, मुदत डावलायला सांगितलं नव्हतं. आणि शब्दशः पाहिलं तर ते खोटंही नाही. फोनमध्ये मुदतीचा शब्द कुठे होता? माझ्या मोबाइलमध्ये एक मिनिट चाळीस सेकंदांच्या कॉलची नोंद होती. ती घेऊन मी कुठं जाणार? लघुशास्ती झाली, परिनिंदा. माझ्या मते ती योग्य झाली.

आता मी जिथे अडकले ती जागा सविस्तर सांगते. पुनरुक्ती होईल, होऊ दे.

तोंडी आदेशांबद्दल नियम स्वच्छ आहे. अखिल भारतीय सेवा आचरण नियम १९६८, नियम ३. केंद्राच्या कर्मचाऱ्यांसाठी १९६४चे आचरण नियम, तिथेही नियम ३च. वरिष्ठांचा आदेश साधारणपणे लेखी असावा. टाळता येणार नसेल आणि तोंडी दिला, तर वरिष्ठानं लगेच नंतर तो लेखी पक्का करावा. आणि ज्याला तोंडी आदेश मिळाला, त्यानं लवकरात लवकर लेखी पुष्टी मागावी. हे शेवटचं वाक्य पुन्हा वाचा. मागावी. ती मागणं म्हणजे उद्धटपणा नव्हे, तुमच्यावर नियमानं टाकलेलं काम आहे. मी चार वर्षं अभ्यास केला आणि हे मला 'हक्क' म्हणून पाठ होतं. हक्क वापरला नाही तरी चालतो, असं मनात कुठेतरी बसलं होतं.

३१ ऑक्टोबर २०१३चा टी. एस. आर. सुब्रमण्यन निकाल तुम्ही सगळे उत्तरात लिहिताच. माजी कॅबिनेट सचिव आणि त्यांच्यासोबत इतर निवृत्त अधिकारी सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयानं तीन गोष्टी सांगितल्या: बदल्या-नेमणुकांसाठी नागरी सेवा मंडळ, ठरावीक किमान कार्यकाळ, आणि तोंडी आदेशांवर काम करू नका, त्यांची नोंद करा. मुलं पहिल्या दोनवर पानभर लिहितात, तिसऱ्यावर अर्धी ओळ. न्यायालयाचं म्हणणं असं होतं की तोंडी आदेशाची नोंदच नसेल तर माहितीचा अधिकार पोकळ ठरतो, कारण नागरिकानं मागायचा कागदच जन्माला येत नाही. २००५चा कायदा तीस दिवसांत माहिती द्यायला सांगतो. पण त्या गुरुवारच्या फोनची माहिती त्या बाईंनी कुठल्या अर्जानं मागायची होती? तिसरा मुद्दा मला समजला तो जनसुनवाईच्या टेबलावर.

आता नोंद करायची कशी. भांडायचं नाही, चौकशीच्या सुरात लिहायचं नाही, पुरावा गोळा केल्यासारखं तर मुळीच नाही. त्याच दिवशी, नोटशीटवर, म्हणजे नस्तीतल्या टिपणीच्या पानावर, साधी दोन वाक्यं. आमच्याकडे हिंदीत अशी लिहितात: "आज दिनांक को सायं ५.२० बजे दूरभाष पर प्राप्त निर्देश के पालन में कार्यवाही प्रस्तावित है। पुष्टि हेतु सादर प्रस्तुत।" वेळ लिहाच. निर्देश काय होता तो त्यांच्याच शब्दांत लिहा, आपला अर्थ घालू नका. खाली सही, तारीख, आणि नस्ती जावक नोंदवहीतून जाऊ द्या. हातोहात पाठवू नका. 'उद्या लिहू' असं तर कधीच म्हणू नका. उद्या लिहिलेली नोंद बचावासारखी वाचली जाते. आज लिहिलेली कामासारखी.

नस्ती परत येते तेव्हा काय लिहून येतं तेही बघा. परिनिंदेनंतर आठ महिन्यांनी मला असाच एक फोन आला, एका सरकारी जागेवरच्या तात्पुरत्या परवानगीबद्दल. या वेळी मी नोट लिहिली. लिहिताना पेन नीट धरता येत नव्हतं, खोटं कशाला सांगू. तीन दिवस नस्ती आली नाही. चौथ्या दिवशी आली, एकच शब्द आणि त्याखाली छोटी सही: "अवलोकित." म्हणजे पाहिलं. मंजूर नाही, नामंजूर नाही. नवीन माणसाला वाटतं, झालं, साहेबांनी सही केली. नाही झालं. 'अवलोकित'वर परवानगी देता येत नाही. मी पुन्हा लिहिलं, "स्पष्ट निर्देश अपेक्षित." नस्ती दुसऱ्यांदा परत आली ती नियमाप्रमाणे कार्यवाही करा, अशा ओळीसह. ती परवानगी नियमात बसत नव्हती, म्हणून दिली गेली नाही. माझी बदली झाली नाही, कुणी रागावलंही नाही. दोन आठवडे नमस्काराला उत्तर जरा थंड मिळालं, एवढंच.

पण थांबा. इथे सापळ्याचा दुसरा दात आहे, आणि मी मुख्यतः त्यानं जखमी झाले. फौतीच्या प्रकरणात मी लेखी आदेश मागितला असता आणि तो मिळाला असता, तरीही माझी सही चुकीचीच ठरली असती. कारण नामांतरण करताना तुम्ही महसूल न्यायालय असता. ती अर्धन्यायिक खुर्ची आहे. तिथे प्रकरण कसं निकाली काढायचं ते वरिष्ठांना लेखीसुद्धा सांगता येत नाही. ते अपिलात तुमचा आदेश फिरवू शकतात, आधी लिहून देऊ शकत नाहीत. तेव्हा फोन आला की आधी स्वतःला विचारा: या क्षणी मी कुठल्या खुर्चीवर आहे? पूर आलाय, तंबू कुठे लावायचे, मिरवणुकीचा रस्ता, शाळेची तपासणी, इथे आदेश घ्या आणि लेखी पक्का करून घ्या. पेशीवरची नस्ती असेल तर आदरानं एवढंच म्हणा, "सर, प्रकरण पेशीवर आहे, मुदत अमुक तारखेला संपते, त्यानंतर गुणदोषांवर बघते." आणि फोन ठेवल्यावर मुदतीची तारीख ऑर्डरशीटवर लिहा.

कुणी सांगेल, अर्धन्यायिक आदेशासाठी अधिकाऱ्यावर कारवाई होत नसते. मलाही एका ज्येष्ठ सहकाऱ्यानं तसा धीर दिला होता. तो धीर खोटा आहे. के. के. धवन नावाच्या आयकर अधिकाऱ्याच्या प्रकरणात १९९३ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की आदेश चुकला एवढ्यावरून कारवाई नको, पण अधिकारी बेफिकीर वागला, कुणाला गैरवाजवी फायदा दिला, किंवा अधिकार वापरायला कायद्यानं घातलेली अटच पाळली नाही, तर शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. इश्तहाराची मुदत ही माझी न पाळलेली अट होती. तो निकाल मी नोटिशीचं उत्तर लिहिताना पहिल्यांदा वाचला. तुम्ही आत्ता वाचा.

सुधारणांबद्दल माझं एक मत आहे, ते चौथ्या पेपरात लिहिलंत तर गुण मिळतील की नाही माहीत नाही. मध्य प्रदेशानं २०१०मध्ये लोकसेवा हमीचा कायदा केला, देशात पहिल्यांदा. ठरलेल्या दिवसांत सेवा दिली नाही तर अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त ५,००० दंड. फार चांगला कायदा. महिनोन्‌महिने खेटे घालणाऱ्या माणसाच्या हातात त्यानं तारीख दिली. १८१ची तक्रार हेल्पलाइनही तशीच. पण त्यातून कार्यालयात एक भाषा आली, पेंडेंसी, निकाली, टक्केवारी. चुकीचं काम सांगणारा आता 'माझ्या माणसाचं काम कर' म्हणत नाही, 'पेंडेंसी बघा' म्हणतो. मला आलेला फोन ऐकायला सुधारणेसारखाच होता. किती दिवसांत झालं ते मोजलं जातं, कुणाला न ऐकता झालं ते कुठल्याच तक्त्यात येत नाही. तुम्ही जेव्हा वरच्या जागांवर जाल, तेव्हा हा तक्ता बदला. आमच्या पिढीच्या हातून अजून झालेला नाही.

आणि संरक्षणाच्या भ्रमात राहू नका. हे कडू आहे, पण आधी कळलेलं बरं. २०१३च्या निकालानंतर जानेवारी २०१४मध्ये आयएएसच्या संवर्ग नियमांत दोन वर्षांचा किमान कार्यकाळ आला, मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखाली मंडळं आली. ते आयएएस अधिकाऱ्यांसाठी. नायब तहसीलदाराची बदली त्या नियमात येत नाही. अनुच्छेद ३११ तुमची ढाल आहे असं प्रत्येक मुलाखतीत सांगतात. अनुच्छेद ३१० आजही म्हणतो की तुम्ही राज्यपालांची मर्जी असेपर्यंत पदावर असता, आणि ३११ त्या मर्जीला लगाम घालतो, तो बडतर्फी, सेवेतून काढणं आणि पदावनती यांपुरता. बदलीला नाही. परिनिंदेलाही नाही. गैरप्रकार उघड करणाऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा २०१४ला संमत झाला, आणि अंमलबजावणीच्या अधिसूचनेवाचून वर्षानुवर्षं पडून राहिला. म्हणजे पहिल्या पाच वर्षांत तुमच्या हातात खरं काय असतं? नोटशीट. तिला कमी लेखू नका. ती तुमच्या बदलीनंतरही कपाटात राहते.

घाबरवायला लिहीत नाही हे. परिनिंदेनं आयुष्य संपत नाही. नोटीस आली त्या रात्री मला वाटलं होतं की आई-बाबांना तोंड कसं दाखवू, राजीनाम्याचा मसुदासुद्धा वहीत लिहिला होता. बाबा एवढंच म्हणाले, "त्या बाईंचं नाव लागलं का?" लागलं नव्हतं अजून. "मग आधी ते कर." अपिलाचा आदेश आल्यावर प्रकरण माझ्याकडेच परत आलं असतं, पण मी लेखी विनंती करून ते दुसऱ्या न्यायालयात पाठवलं. ज्या आदेशात आपलीच चूक आहे त्यावर आपणच पुन्हा बसू नये. चार महिन्यांनी त्या बाईंचं नाव चढलं. भावांच्या कर्जाचा बोजा मात्र जमिनीवर तसाच आहे, आणि नामांतरण म्हणजे मालकीचा निवाडा नव्हे, त्यामुळे वाटणीचा वाद उद्या दिवाणी न्यायालयात गेला तर त्यांना पुन्हा तोच दाखला पिशवीतून काढावा लागेल. हे मी त्यांना सांगितलं. त्यांना वाटलं होतं सगळं मिटलं. सांगणं जड गेलं.

मार्गदर्शकांबद्दल. मुलं मला विचारतात कुणाला गुरू करू. यशस्वी उमेदवारांची भाषणं ऐका, हुरूप येतो, पण हुरूप पंधरा दिवस टिकतो. 'जरा प्रॅक्टिकल राहा' असं सांगणारा अधिकारी भेटला तर त्याच्यापासून दोन हात लांब राहा, तो कितीही प्रेमळ असो. मला खरं शिकवलं ते आमच्या गल्लीत राहणाऱ्या एका काकांनी. आयुष्यभर सरकारी कचेरीत बडे बाबू, म्हणजे मुख्य कारकून, होते. नोटिशीनंतर बाबा मला त्यांच्याकडे घेऊन गेले. त्यांनी विचारलं, "नस्ती कुठून वाचतेस?" मी म्हटलं, वरून. म्हणाले, "खालून वाच. माणूस जे मागायला आला होता ते सगळ्यात खाली असतं. वर वर येताना ते कुठे हरवलं ते दिसतं." माझ्या त्या फौतीच्या नस्तीत सगळ्यात खालचा कागद वारसांचा अर्ज होता, आणि अर्जात 'परिवारात' चार सदस्य लिहिले होते. अहवालात तीन झाले. मी खालून वाचली असती तर फोन आला असता तरी हात थांबला असता. तुमच्या ओळखीत असा कुणी निवृत्त बाबू, रीडर, कानूनगो असेल तर पोहे-जलेबी घेऊन जा आणि तासभर बसा. क्लासच्या तीन महिन्यांत मिळत नाही ते मिळेल.

निवड झाली की भोपाळला प्रशिक्षण होईल, मग नेमणूक. मध्ये रिकामे दिवस असतात. त्या दिवसांत मध्य प्रदेश नागरी सेवा आचरण नियम १९६५ आणि वर्गीकरण, नियंत्रण व अपील नियम १९६६ मूळ रूपात वाचा, कुणाच्या सारांशातून नको. छोटे आहेत. सरकारी कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठीच्या मिशन कर्मयोगीचे ऑनलाइन अभ्यासक्रमही आता आहेत, करा, पण नियमाचं पुस्तक त्यांच्याआधी.

आणि रुजू व्हाल त्या दिवशी हार, पेढे, फोटो या गडबडीत कुणीतरी चार्ज लिस्ट, म्हणजे ताब्यात घ्यायच्या नस्त्यांची यादी, पुढे करेल, "मैडम, बस यहाँ साइन।" मोजल्याशिवाय करू नका. मी दुसऱ्या नेमणुकीच्या जागी संध्याकाळी सातपर्यंत बसून मोजलं. यादीत २१९ नस्त्या होत्या, कपाटात २१२. सात नस्त्यांचे क्रमांक यादीच्या खाली लिहिले, 'प्राप्त नहीं' असं लिहून सही केली, वेळ टाकली. तोवर सगळं कार्यालय घरी गेलं होतं, शिपाईदादा तेवढे किल्ल्या घेऊन दाराशी उभे होते. पाच नस्त्या दोन दिवसांत कुठल्या कुठल्या खणांतून निघाल्या. उरलेल्या दोन अजून मिळालेल्या नाहीत, आणि त्यांचं पत्र दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी मी वर पाठवते.